अश्वशक्ती नव्हे, वजन : विमान ओढणारा शेतीचा ट्रॅक्टर

शेतीच्या ट्रॅक्टरने विमान ओढता येईल का, असा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा अश्वशक्तीपासून सुरू होते. आजच्या व्याख्यानाचा रोख मात्र वेगळा आहे. काँक्रीटच्या सपाट, कोरड्या पृष्ठभागावर विमान लोळवत ठेवण्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्क्यांइतकी ओढ पुरते. म्हणजे ३० टन वजनाच्या विमानाला सुमारे ६०० किलो ओढ लागेल, आणि ताशी ५ किलोमीटर वेगाने एवढी ओढ देण्यास अवघी ११ अश्वशक्ती पुरी पडेल. अगदी लहान ट्रॅक्टरकडेही याहून अधिक शक्ती असते. प्रश्न आहे तो ती शक्ती जमिनीपर्यंत पोहोचवण्याचा.

ट्रॅक्टर जास्तीत जास्त किती ओढू शकतो हे त्याच्या चालकचाकांवरील (इंजिन फिरवते त्या चाकांवरील) भार आणि टायरची पकड या दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते. अडीच टनांचा, मागील दोनच चाकांवर चालणारा ट्रॅक्टर घेतला, तर त्यातील सुमारे १६०० किलो भार मागील चाकांवर असतो. कोरड्या काँक्रीटवर ०.७ पकड, म्हणजे भाराच्या ७० टक्के ओढ, धरली, तर ११०० किलोंच्या आसपास ओढ मिळते आणि आपले ३० टनांचे विमान हलते. तेच विमान ओल्या गवतावर उभे असेल, तर पकड निम्म्यावर येते, चाके मातीत रुतल्यामुळे विमानाचा विरोध पाचपट होऊ शकतो, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी चाके फिरवत माती उकरतो.

दुसऱ्या महायुद्धात ही अडचण गवती धावपट्ट्यांवर रोजची होती. यॉर्कशायरमधील मेलथम येथे डेव्हिड ब्राउन कंपनीने १९३९ मध्ये व्हीएके-१ हा शेतीचा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. त्याच्याच पायावर ब्रिटिश हवाई दलासाठी व्हीआयजी हे जड बांधणीचे, मागे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारा रहाट, बसवलेले रूप तयार झाले. विंचमुळे ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर रोवून उभा करता येई आणि विमान दोराने आपल्याकडे ओढून घेता येई. अमेरिकेत फोर्डच्या ९एन या शेती-ट्रॅक्टरवरून बीएनओ-२५ आणि बीएनओ-४० ही विमान ओढणारी यंत्रे निघाली. या नावांतील आकडे २५०० व ४००० पौंड ओढीचे आहेत, अश्वशक्तीचे नव्हेत, आणि मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. मूळ ९एनचे संपूर्ण वजन जेमतेम टनभर. त्याच इंजिनाने ४००० पौंड, म्हणजे सुमारे १८०० किलो ओढ हवी असेल, तर मागील चाकांवरच अडीच टनांहून अधिक भार लागणार. म्हणून या रूपांतरात मोठा वाटा इंजिनाचा नसून बसवलेल्या वजनांचा असतो.

मात्र वजन वाढवले की दुसरा धोका उभा राहतो, आणि त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. शेतीच्या ट्रॅक्टरचा क्लच नांगरासाठी बनलेला असतो. मातीत नांगर हळूहळू अडतो, त्यामुळे क्लच थोडा झटकन सुटला तरी बिघडत नाही. विमान मात्र ३० टनांचे जडत्व घेऊन उभे असते. हलक्या ट्रॅक्टरने झटका दिला, तर त्याचीच चाके घसरतात आणि नोज गिअर, म्हणजे विमानाच्या नाकाखालचे चाक व त्याचा पाय, बचावतो. जड केलेल्या ट्रॅक्टरची चाके घसरत नाहीत, सगळा झटका टो-बारमधून, म्हणजे ट्रॅक्टर व विमान जोडणाऱ्या दांड्यातून, थेट नोज गिअरवर जातो. त्यासाठी टो-बारमध्ये ठरावीक ताणाला तुटणारी शिअर पिन असते. तिची ताकद विमानाच्या सोसण्यावरून ठरवायची, ट्रॅक्टरच्या ओढीवरून नव्हे. ती वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी साधा बोल्ट ठोकणे म्हणजे पुढची मोडतोड विमानाच्या माथी मारणे होय. शक्य असेल तिथे हायड्रोस्टॅटिक चालन किंवा फ्लुइड कपलिंग असलेला, म्हणजे इंजिनाची शक्ती द्रवामार्फत चाकांकडे सौम्यपणे पोहोचवणारा, ट्रॅक्टर निवडावा.

ब्रेकचीही बाब अशीच. शेतात जागेवर वळता यावे म्हणून डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक पेडल वेगळे असतात. विमान मागे असताना एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि टो-बार नोजव्हीलला त्याच्या मर्यादेपलीकडे वळवतो. सेस्ना १७२ सारख्या छोट्या विमानातही ही मर्यादा दोन्ही बाजूंना ३० अंशांचीच आहे. तेव्हा दोन्ही पेडल खटक्याने जोडून ठेवणे हे विमानतळावरच्या ट्रॅक्टरचे पहिले काम मानावे. टायरांच्या खोल खाचांत अडकून येणारे खडे आणि पंखाखाली पोहोचणारा उभा सायलेन्सर यांचा बंदोबस्त तुलनेने सोपा आहे.

आता पुढील बाजूस साधने बसवण्याविषयी. झाडणी, बर्फ लोटण्याचे पाते, विमानाला वीज पुरवणारा जनित्रसंच, किंवा विमान मागे ढकलण्यासाठी टो-बारचा पुढचा हुक अशी ही साधने असतात. पुढच्या हुकाचा लाभ उघड आहे: चालकाला जोडणी समोर दिसते, मान मागे वळवावी लागत नाही. पण भाराचे गणित बदलते. दोन्ही ॲक्सलमधील अंतर दोन मीटर आहे आणि पुढील ॲक्सलच्या एक मीटर पुढे ४०० किलोंचे साधन टांगले आहे असे समजू. पुढील ॲक्सलवर ४०० नव्हे, ६०० किलो वाढतात, कारण मागील चाकांवरून २०० किलो उचलले जातात. ज्या चाकांनी ओढायचे आणि ब्रेक लावायचे, तीच हलकी होतात. मागील ॲक्सलच्या एक मीटर मागे २०० किलोंचे प्रतिभार वजन लावले, तर मागे ३०० किलो परत येतात आणि पुढचे १०० किलो उतरतात.

याहून मोठी अडचण सांगाड्याची आहे. १९१७ च्या फोर्डसनपासून रूढ झालेल्या बांधणीत ट्रॅक्टरला वेगळी चासी नसतेच. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागील ॲक्सलचे आवरण एकमेकांना बोल्टने जोडून तेच पाठीचा कणा बनतात. साधन केवळ इंजिनच्या तोंडाशी बांधले, तर प्रत्येक खड्ड्यात सगळा वाक क्लचच्या आवरणाच्या जोडावर येतो, आणि आवरणाचे बीड (ओतीव लोखंड) वाकत नाही, तडकते. म्हणून दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्यांची उपचौकट मागील ॲक्सलपर्यंत नेणे आवश्यक ठरते. रेडिएटरपुढे हवेचा मार्ग मोकळा राहील आणि मधल्या खिळीवर झुलणाऱ्या पुढील ॲक्सलला पूर्ण हालचाल मिळेल, याचीही सोय तिथेच करावी लागते.

रूपांतर झाल्यावर ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्यावा: प्रथम पुढची चाके, मग मागची, साधन उचललेले असताना आणि खाली टेकलेले असताना. मिळालेले आकडे पुढील ॲक्सल, टायर आणि हवेचा दाब यांच्या मर्यादांशी ताडून पाहावेत, आणि त्यानंतरच टो-बार जोडावा.