शेरूच्या नावाची फाईल

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: डोंबिवली. दवाखान्याचं अर्धवट वर गेलेलं शटर, पायऱ्यांवर बसलेली माणसं आणि जनावरं]

डोंबिवली पूर्व, सकाळचे साडेनऊ. शटर पुरतं वर जाण्याआधीच पायऱ्या भरल्या आहेत. दोन लॅब्रॅडॉर, टोपलीत झाकून आणलेली एक मांजर, आणि त्या कोपऱ्यात भिंतीला टेकलेला तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. हा शेरू. वय चार वर्षं. उभं राहवत नाही म्हणून तो टेकलाय.

तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलेलं नाही. घरच्यांनी आधी दहीभात दिला, मग नुसतं दही, मग शेजारच्यांनी सांगितलेली गोळी. आज दवाखाना. इथे तो पहिल्यांदाच येतोय, त्यामुळे त्याच्या नावाची फाईल नाही. लस शेवटची कधी दिली, गेल्या वर्षी वजन किती होतं, कुठलं औषध बाधलं होतं, कशाचीच नोंद नाही. ही सगळी माहिती आता एका आजारी कुत्र्याकडून आणि घाबरलेल्या माणसांकडून काढून घ्यायची आहे.

[दृश्य: तपासणीचं टेबल. डॉक्टरांचे हात, शेरूचं तोंड, अगदी जवळून]

डॉक्टर लगेच हात लावत नाहीत. आधी नुसते बघतात. शेरू कसा उभा आहे, कसा श्वास घेतोय, कोणत्या पायावर भार टाकतोय. मग वरचा ओठ उचलून अंगठ्याने हिरडी दाबतात. दाबलेली जागा पांढरी पडते आणि बोट उचलल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. शेरूची हिरडी दाबण्याआधीच फिकी आहे.

थर्मामीटरवर १०४. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं. त्यामुळे नुसता अंगाला हात लावून त्याचा ताप ठरवता येत नाही. घरातली तापाची गोळी तर मुळीच द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयब्युप्रोफेनमुळे कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात.

आता मागच्या पंजाकडे बघा. दोन बोटांच्या बेचक्यात, केस बाजूला केल्यावर, रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली राखाडी गोचीड. ती चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढली. अशीच दुसरी कानाच्या आत, तिसरी गळपट्ट्याखाली.

डॉक्टर निवडताना सगळ्यात आधी हे बघा. बोर्ड किती मोठा आहे, एसी आहे का, बाहेर गोड पिल्लांचे फोटो किती, याने काही कळत नाही. जनावराला डोक्यापासून शेपटीपर्यंत हात लावून तपासलं का, वजन केलं का, ताप बघितला का, आणि जे बघितलं ते कागदावर लिहिलं का, हे बघायला पदवी लागत नाही. टेबलाशेजारी उभं राहून नीट बघितलं की पुरे.

[दृश्य: भिंतीवरचं प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांकावर कॅमेरा स्थिरावतो]

पदवी मात्र डॉक्टरांकडे हवीच. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यास. त्यानंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी, आणि आपल्या राज्याची परिषद नागपुरात आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार या नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. पाळीव प्राण्यांचं खाद्य विकणारा दुकानदार, केस कापणारा, पिल्लं विकणारा, यांच्यातले काही जण लस टोचून देतात. त्यांच्याकडून टोचून घेऊ नका. लस थंडीत ठेवावी लागते, आणि ती तशी ठेवली होती की नाही हे बाटलीकडे बघून कळत नाही.

ही पदवी म्हशीच्या डॉक्टरची आणि मांजराच्या डॉक्टरची एकच असते. म्हणून अजून एक प्रश्न विचारायचा: तुमच्याकडे मांजरं किती येतात? घरात मांजर असेल तर या उत्तराला मोल आहे. मोठी शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांचं एम.व्ही.एस्सी., म्हणजे पुढची पदवी, कशात आहे तेही विचारा. शल्यचिकित्सा, औषधवैद्यक, प्रसूतिशास्त्र हे वेगवेगळे विषय आहेत.

[दृश्य: कानाच्या कडेतून घेतलेला रक्ताचा थेंब, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक]

कानाच्या कडेला बारीक टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. दुसरी पट्टी तिरकी धरून तो एका हाताने सरसर पसरवला. वाळवला, रंग चढवला, धुतला. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींच्या गर्दीत एक पांढरी पेशी, आणि तिच्या पोटात जांभळा पुंजका. एर्लिकिया. गोचिडीच्या चाव्यातून आलेला जंतू. तो दरवेळी असा डोळ्यांना सापडतोच असं नाही. म्हणून सोबत रक्तातल्या पेशींची मोजणीही केली, आणि शेरूच्या प्लेटलेट्स खूप खाली आहेत.

या जंतूवरचं नेहमीचं औषध डॉक्सिसायक्लिन. माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळतं, महागडं नाही. पण ते साधारण २८ दिवस द्यावं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा जेवायला लागतो, शेपटी हलवतो, आणि घरचे गोळ्या थांबवतात. आजार मुरतो, परत उलटतो, आणि दुसऱ्या वेळचं बिल पहिल्यापेक्षा मोठं येतं.

[दृश्य: काउंटर. शेरूच्या मालकीणबाई, डॉक्टर, कागद]

हा प्रसंग आम्ही पूर्ण चित्रित केला, कारण तो बहुतेक वेळा घडतच नाही.

"डॉक्टर, सगळे मिळून किती होतील?"

डॉक्टर कागद ओढतात, मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे, आज लागणारंच: तपासणी ४००, रक्ताच्या चाचण्या ९००, सलाईन आणि इंजेक्शनं ११००, गोळ्या ३५०. उजवीकडे, चार दिवसांनी बघून ठरवू: रक्ताची फेरतपासणी, गरज पडली तर सोनोग्राफी. उजव्या बाजूला रक्कम लिहिली आहे, पण तिच्याभोवती गोल केलाय. आज द्यायची नाही.

"टप्प्याटप्प्याने केलं तर चालेल?"

"चालेल. डावीकडचं सोडायचं नाही, एवढंच."

पैशाचं विचारायला लोक लाजतात. आपलं जनावरावर प्रेम कमी आहे असं डॉक्टरांना वाटेल, ही भीती असते. विचारा. बिल हातात पडल्यावर नव्हे, उपचार सुरू होण्याआधी. कोणती चाचणी आज केली नाही तर निर्णय अडेल, कोणती थांबू शकते, कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का, हे प्रश्न हक्काचे आहेत. उत्तर द्यायला जो डॉक्टर कागद ओढतो तो धरून ठेवा, मग दवाखाना दोन स्टेशनं लांब असला तरी.

बिलात न दिसणारा खर्च घरात आहे. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड घरातच वाढते. भिंतीच्या भेगा, कपाटामागची फट, पडद्याची शिवण, तिथे ती अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच. नुसत्या कुत्र्याला औषध लावून घर तसंच ठेवलं, तर पंधरा दिवसांत पुन्हा हेच टेबल.

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेलं गर्भाशय]

त्याच दुपारी आलेली आठ वर्षांची कुत्री. माज येऊन गेला, पुढे काही आठवड्यांनी पाणी जास्त पिऊ लागली, जेवण सुटलं. ट्रेमध्ये दिसतंय ते तिचं गर्भाशय, पू भरून सुजलेलं. याला पायोमेट्रा म्हणतात. नसबंदी झालेल्या मादीला हा आजार सहसा होतच नाही, कारण पू भरायला गर्भाशयच उरत नाही. ठरवून, निरोगी असताना केलेली नसबंदी आणि अशी रात्री-अपरात्री, तापात, सलाईन लावून करावी लागणारी शस्त्रक्रिया यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक असतो. ही कुत्री तिसऱ्या दिवशी घरी गेली.

शेजारच्या पिंजऱ्यातलं, पार्व्हो या विषाणूची लागण झालेलं पिल्लू गेलं. त्याला एकही लस दिलेली नव्हती.

[दृश्य: रिकामा पिंजरा, पुसला जातोय. निवेदन नाही.]

[दृश्य: परळ. आचार्य दोंदे मार्गावरचं जुनं फाटक, दगडी इमारती, झाडं]

आता परळला येऊ. खासगी दवाखान्याचा खर्च झेपेना, की मुंबईतल्या माणसाचे पाय अजूनही इकडे वळतात.

१८७४ साली मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. शहराचा सगळा भार जनावरांच्या खांद्यावर होता: ट्रामचे घोडे, बैलगाड्या, कापडाच्या गाठी ओढणारे बैल. जखमी जनावर तसंच जुंपलं जाई. त्याच वर्षी मुंबईत प्राण्यांना क्रूर वागणुकीपासून वाचवण्यासाठी संस्था स्थापन झाली, आजची बीएसपीसीए. पुढच्या दशकात गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून इथे रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं नाव मिळालं: बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. १८८६ साली याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. देशातल्या सर्वांत जुन्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांपैकी हे एक.

या कमानी बघा. या उंचीचे दरवाजे घोड्यांसाठी आहेत. आज त्यांच्याखालून रिक्षातून आणलेला स्पिट्झ जातो, पिशवीतलं मांजर जातं, हातगाडीवर निजवलेला रस्त्यावरचा कुत्रा जातो. काही वॉर्डांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आहेत, गुजराती आणि इंग्रजी अक्षरांतल्या. जनावराच्या उपचाराचा खर्च एकट्या मालकाने उचलायचा नसतो, शहरानेही उचलायचा असतो, हे इथे दगडात कोरलेलं आहे. आम्ही हा माहितीपट करायला घेतला तो याच कारणाने.

[दृश्य: बाह्यरुग्ण विभाग. पांढऱ्या कोटातले विद्यार्थी, प्राध्यापक, एक्स-रे]

शिकवणाऱ्या रुग्णालयात वेळ लागतो. आधी विद्यार्थी तपासतात, मग प्राध्यापक येतात, पुन्हा तपासतात, विद्यार्थ्यांना विचारतात, त्यांच्यासमोर समजावून सांगतात. तुमचं जनावर तोवर टेबलावर. पण एका जनावराला चार जोड्या डोळे मिळतात आणि एक्स-रे, प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया एकाच आवारात असतात. खासगीपेक्षा शुल्क कमी.

मुंबईबाहेरही ही सोय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला आहेत. प्रत्येकाला जोडून चिकित्सालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाची सर्वचिकित्सालयं आहेत, पुण्याचं औंधला. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींसाठी म्हणून सगळ्यांना ठाऊक असतो, तिथे कुत्र्यामांजरांचाही केसपेपर निघतो. रेबीजच्या लशीसाठी शहर गाठायची गरज नाही. २०२४ साली मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं, तेही आता या नकाशावर आहे.

या सरकारी ठिकाणांना डॉक्टर, यंत्रं आणि औषधं यांचा पुरवठा वाढवून हवा आहे. केसपेपर निघाला नाही तर गरज नोंदली जात नाही, आणि गरज नोंदली गेली नाही तर मागणी कागदावर येत नाही. म्हणून जा, केसपेपर काढा.

[दृश्य: डोंबिवली. काउंटरवर एक जुनी वही, रकाने भरलेले]

ही वही इथे वीस वर्षं मांजरं घेऊन येणाऱ्या एका आजींची. दर महिन्याला पोस्टात ठराविक रक्कम आवर्ती खात्यात, घरातल्या जनावरांसाठी. रकान्यांत लसीच्या तारखा, जंताच्या औषधाच्या तारखा, वजन. विम्याचाही एक कागद आत आहे. पाळीव प्राण्यांचा विमा आता मिळतो, पण आधीपासून असलेला आजार आणि लस न दिल्यामुळे झालेला आजार त्यात बहुधा बसत नाही. आजींनी त्या अटींखाली पेन्सिलने रेघ ओढली आहे. त्यांचा भर खात्यावर आहे, आणि पॉलिसी घ्यायची असली तरी आम्हीही तेच सांगू: आधी खातं.

[दृश्य: शेरू, चौथा दिवस. वजनकाटा, डॉक्टर, नवी कोरी फाईल]

शेरू फेरतपासणीला आलाय. वजन १८ किलो २००. ताप नाही. प्लेटलेट्स चढतायत, म्हणून कागदावर उजवीकडे लिहिलेली सोनोग्राफी डॉक्टरांनी खोडली. गोळ्या अजून २४ दिवस, जेवणानंतर, रिकाम्या पोटी नाही. गोचिडीचं औषध दर महिन्याला. पुढच्या आठवड्यात घरात फवारणी, त्या दिवशी शेरू मावशीकडे राहील. अंगात ताकद आली की रेबीजची लस, आणि मग वर्षातून एकदा, तब्येत ठणठणीत असताना, नुसतं दाखवायला यायचं.

मालकीणबाई तारखा मोबाइलवर टाकून घेत होत्या. डॉक्टरांनी त्यांना फाईलवरही लिहायला लावल्या.