धावदोरा

नमस्कार, श्रोतेहो.

पहाटे साडेपाचला पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर गेलात, तर पन्नाशीच्या आसपासची बरीच माणसं धावताना दिसतील. त्यांतलाच मी एक. बारा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला आणि म्हणाले, चालायला लागा. चालता चालता धावायला कधी लागलो, ते आता सांगता येणार नाही.

नवीन माणूस मला विचारतो, किती वेगानं धावू? मी सांगतो, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगानं. वाक्य अर्ध्यात तुटलं, तर वेग जास्त झाला. आठवड्यातले बहुतेक दिवस असंच बोलत बोलत धावायचं. पुन्हा सांगतो, कारण हे ऐकून सोडून देतात लोक: बोलता आलं पाहिजे. आणि बोलायचं म्हणजे कान मोकळे हवेत. कानात गाणी घालून रस्त्यावर धावणं मला अजिबात पटत नाही. मागून दुधाची गाडी येते, कुत्रं येतं, आणि आपला स्वतःचा श्वासही ऐकू यायला हवा.

धावण्यानं मला गावं दाखवली. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली; ती बहुतेक वेळा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. शर्यत पेडर रोडच्या चढाला लागते तेव्हा पायांत काही उरलेलं नसतं, आणि नेमकी तिथंच इमारतींमधली माणसं खाली उतरून संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं घेऊन उभी असतात. आपलं नाव छातीवर वाचून हाक मारतात. ज्या शहरात शेजारचा दरवाजा उघडत नाही म्हणतात, त्या शहरातला हा रस्ता एकदा तरी पाहावा.

पण माझी शर्यत साताऱ्याची. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर, म्हणजे अर्धी मॅरेथॉन. पावसाळ्याच्या शेवटाला असते. पोलीस परेड मैदानावरून निघायचं, राजवाडा, समर्थ मंदिर, आणि मग यवतेश्वरचा घाट. कासच्या रस्त्यानं वर जायचं आणि त्याच वाटेनं परत. २०१२ साली ही शर्यत सुरू झाली आणि त्याच वर्षी पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार जागतिक वारशात गेलं. त्या रस्त्यावर अर्धी प्यालेली बाटली दरीत भिरकावणाऱ्याला मी धावणारा मानत नाही, मग त्याची वेळ कितीही चांगली असो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशीकडे उतरलो होतो, मंगळवार पेठेत. शर्यतीच्या गावी आदल्या दिवशी पोचावं आणि शक्य असेल तर ओळखीच्या घरी उतरावं, हे माझं ठाम मत आहे. हॉटेलात पहाटे चारला कोण उठून चहा देणार?

मावशी उठली होती. चहा झाला, एक केळं खाल्लं, आणि छातीवर नंबर लावायला घेतला तेव्हा लक्षात आलं की पिना पुण्यातच राहिल्या. मावशीनं बांगडीतल्या दोन पिना काढल्या. माझा नवा टी-शर्ट बोटांत धरून ताणून पाहिला. आणि पिना परत बांगडीत अडकवल्या.

"ह्याला भोकं पाडायची नाहीत," म्हणाली. "आण इकडं."

मावशीनं चाळीस वर्षं पेठेतल्या बायकांचे ब्लाउज शिवले आहेत. त्या मिणमिणत्या दिव्यात, चष्मा न लावता, तिनं एका दमात सुईत दोरा ओवला. नंबराच्या मागं वेळ मोजायची चिपची पट्टी चिकटवलेली असते, तिला सुई लागायला नको, एवढं मी सांगितलं. ती कडेकडेनं धावदोरा घालायला लागली. श्रोत्यांमधल्या बायकांना धावदोरा सांगायला नको; बाकीच्यांसाठी सांगतो, सुई खाली-वर करत घातलेले साधे सरळ टाके. मी मात्र बाहेर निघायची वेळ झाली म्हणून घाई करत होतो.

"मावशी, मोठे मोठे टाके घाल ना. दोन तासांचं तर काम."

तिनं मान वर केली नाही. "हे कापड ताणतं रे. ताणणाऱ्या कापडावर टाका मोठा घेतला की चुणी पडते, आणि मग दोराच तुटतो. जिथं ताण, तिथं टाका लहान."

मी निघालो. समर्थ मंदिरापर्यंत पाय हलके होते. घाट लागला आणि पाऊस आला. धुकं इतकं, की पुढचं वळण दिसेना. मी पुण्याच्या सपाट रस्त्यावर टाकतो तशी ढांग टाकत होतो. दुसऱ्या वळणावर पोटऱ्या धरल्या. शेजारी धावणाऱ्यानं काहीतरी विचारलं आणि मला एक शब्द बोलता येईना. थांबावं म्हणून खाली पाहिलं, तर छातीवर तो पांढरा दोरा. भिजलेला, एकसारखा, तांदळाएवढे टाके.

जिथं ताण, तिथं टाका लहान.

मी पाऊल निम्म्यावर आणलं. पावलं भराभर, पण लहान. पाय शरीराच्या फार पुढं टाकायचाच नाही. शंभर पावलांत श्वास जागेवर आला. पुढच्या वळणावर त्या शेजाऱ्याला मी उत्तर दिलं, पूर्ण वाक्यात. चढावर पाऊल लहान ठेवायचं, हे पुढं मला कितीतरी जाणत्या लोकांनी सांगितलं, पण मला ते त्या दोऱ्यानं शिकवलं. पुन्हा सांगतो: चढाला पाऊल लहान. आणि उतारालाही लहानच, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन झेलतात. त्याचं दुखणं दुसऱ्या दिवशी उठतं.

घरी पोचलो तेव्हा गळ्यात पदक होतं. मावशीनं आधी नंबराची कड बोटानं तपासली. "एक टाका सुटला नाही," म्हणाली, आणि मग विचारलं, पोचलास का रे नीट?

त्यानंतर मी दरवर्षी साताऱ्याला जातो. पिना आठवणीनं नेतो आणि रांगेत ज्याला लागतील त्याला देऊन टाकतो. मावशीला आता सुईचं नेढं दिसत नाही. दोरा मी ओवून देतो. टाके अजून तीच घालते.

नमस्कार.