येते हं, काकू

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या मराठीत घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. साखरेची वाटी परत करायला आलेली शेजारीणसुद्धा दारात चपला सरकवताना 'येते हं' म्हणूनच निघते. पण एक ठिकाण असं आहे, जिथं हा शब्द उच्चारायचा नसतो. मयतीच्या घरी, दहाव्याला, तेरवीला गेलं की निघताना काही बोलायचं नाही. मुकाट्यानं उठायचं, हात जोडायचे, बाहेर पडायचं. अशा कारणानं पुन्हा त्या घरी येणं होऊ नये, हा त्यामागचा भाव. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून तो शब्द गेला.

2009 सालचा मे महिना. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या माहेरच्या गल्लीत समोरच्या काकांची तेरवी होती. नागपूरचा मे, त्यात भर दुपार. खिडकीत कूलर लावलेला, वाळ्याचा ओला वास, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या बायका. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जेवले, हात धुतले, पदराला पुसले आणि नेहमीच्या सवयीनं म्हणून गेले, "येते हं, काकू. छान झालं सगळं."

खोली गप्प झाली. कूलरचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "असं म्हणू नये, बाई." काकूंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बघायला मी थांबलेच नाही. पायऱ्यांवरची चप्पल पायात नीट गेली नव्हती, तशीच ओढत मी गल्लीच्या तोंडापर्यंत आले.

श्रोतेहो, ही घटना जेमतेम अर्ध्या मिनिटाची. त्यानंतर माझ्या आयुष्यात मोठ्या गोष्टी घडल्या, त्यांतल्या कित्येक आता धूसर झाल्या आहेत. पण भांडी घासताना, झोप लागता लागता, कूलरमध्ये पाणी भरताना ती खोली जशीच्या तशी उभी राहायची आणि कानशिलं तापायची. असं का होतं, याचं थोडं उत्तर शरीराकडे आहे. छातीत धस्स होतं तेव्हा अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, आणि त्या वेळी जे घडतं ते मेंदू घट्ट धरून ठेवतो. साप दिसला, विस्तव अंगाशी आला, तर ते लक्षात राहायलाच हवं. चारचौघांत शब्द चुकला तरी शरीर तसंच घाबरतं.

या भाषणाच्या निमित्तानं मी ओळखीच्या माणसांना विचारलं, तुमच्या मनात असं काही अडकलं आहे का? एकही जण 'नाही' म्हणाला नाही. पुण्याहून नागपुरात धरमपेठेत लग्न होऊन आलेल्या एका मैत्रिणीला पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "भाजीवर सांबार टाकू का वं?" आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला कुठून माहीत असणार? ती म्हणाली, "वांग्याच्या भाजीवर सांबार कसं लागेल?" घर हसलं. प्रेमानंच हसलं. आज 26 वर्षांनी ती स्वतः अस्सल नागपुरी बोलते, पण स्वयंपाकघरात चारजण एकदम हसले की तिचा जीव अजून कासावीस होतो.

दुसरे एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी कचेरीतल्या एका बाईंना आपुलकीनं विचारलं, "कितवा महिना?" त्या गरोदर नव्हत्या. त्यानंतर त्या बाईंची बदली होईपर्यंत, म्हणजे तब्बल तीन वर्षं, या गृहस्थांनी जेवणाची वेळ बदलली. डबा एकट्यानं, दीड वाजता. आधी त्या टेबलावर सगळे मिळून जेवायचे, एकमेकांच्या भाज्या वाटून घ्यायचे. मला हे ऐकताना प्रश्नापेक्षा त्या एकट्या डब्याचं फार वाईट वाटलं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचे. मग त्याला विचारायचे, किती जणांनी तुझा शर्ट पाहिला असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज असायचा, निम्म्या लोकांनी. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना तो शर्ट आठवायचा. लोकांचं लक्ष आपल्याला वाटतं तेवढं आपल्यावर नसतं. हे खरं आहे आणि दिलासा देणारंही आहे. पण माझं समाधान तेवढ्यानं झालं नाही, हेही सांगायला हवं. कारण तेरवीच्या त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं होतं. काकूंनी ऐकलं होतं.

मला जास्त धीर दिला तो चार्ल्स डार्विन यांनी सांगितलेल्या एका हकिकतीनं. माणूस आणि प्राणी भावना कशा व्यक्त करतात यावर त्यांचं 1872 सालचं पुस्तक आहे. त्यात लाजेनं चेहरा लाल होण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. एका अतिशय बुजऱ्या माणसाच्या सन्मानासाठी मेजवानी ठेवली होती. आभार मानायला तो उभा राहिला. भाषण त्यानं तोंडपाठ केलं होतं. पण तोंडातून एक शब्द फुटला नाही. हातवारे मात्र होत राहिले, जणू मोठ्या आवेशात बोलतो आहे. मित्रांच्या लक्षात आलं. मग जिथं जिथं त्याचे हात थांबायचे, तिथं तिथं त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपण शेवटपर्यंत गप्प होतो हे त्या माणसाला कधी कळलंच नाही. उलट नंतर तो समाधानानं म्हणाला, भाषण फारच चांगलं झालं.

मला त्या टेबलाभोवतीची माणसं डोळ्यांसमोर येतात. कुणी कुणाला कोपर मारलं नसेल, कुणी हसू दाबलं नसेल. एका माणसाची लाज सगळ्यांनी मिळून झाकली, आणि तीही त्याला न कळू देता. आपल्या हातून चूक झाली की समोरच्या खोलीत फक्त न्याय करणारेच बसले आहेत असं आपण धरून चालतो. सावरून घेणारेही तिथंच बसलेले असतात, पण त्यांची टाळी ऐकायला आपण थांबत नाही.

मीही थांबले नव्हते. त्या मे महिन्यानंतर काकूंच्या घरी गेले नाही. आई होती तोवर माहेरी जायचे, पण गल्लीत मागच्या बाजूनं शिरायचे. काकूंच्या सुनेचा फोन आला तर कामाचं निमित्त सांगायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडकस चौकात मारबत, म्हणजे ईडापीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीनं काढतात ते पुतळे, बघायला दरवर्षी उभी राहायचे. काळी-पिवळी मारबत समोरून जाताना गर्दीबरोबर मीही ओरडायचे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मनात मात्र ती खोली असायची. ती घेऊन जा, एवढंच मागायचे. आणि दोन गल्ल्या सोडून असलेल्या काकूंच्या दाराकडे न बघता घरी परतायचे.

2023 साली त्याच दिवशी बहिणीचा नातू माझ्याबरोबर होता. चार वर्षांचा. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, त्याचा लाकडी नंदी, चाकांचा, शिंगांना बेगड लावलेला. दोरी धरून तो घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत निघाला होता आणि मी त्याच्या मागे. पोराला काय माहीत कुठलं दार टाळायचं. गडगड करत नंदी थेट काकूंच्या ओट्याशी गेला.

काकू बाहेरच खुर्चीत बसल्या होत्या. नंदीला हळदकुंकू लावलं, पोराच्या मुठीत वीस रुपये ठेवले. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आली वं तू?" त्या म्हणाल्या.

मी खाली वाकले. पाया पडता पडता सगळं एका दमात बोलून टाकलं. तेरवी, 'येते हं', 'छान झालं', माफ करा. काकूंनी माझा दंड धरून मला वर उठवलं.

"त्या दिवशी सगळे मुकाट्यानं उठून गेले," त्या म्हणाल्या. "रीतच आहे ती. घर कसं खायला उठलं होतं बाई. तू एकटी म्हटली, येते म्हणून. मला वाटलं, ही तरी येईल. मी वाट पाहून राहिली होती. तू आलीच नाही."

चौदा वर्षं मी एका शब्दाची लाज बाळगली होती. काकूंच्या लेखी तो शब्द चुकलाच नव्हता. मी तो पाळला नव्हता, एवढंच त्यांना लागलं होतं. आणि पाळला नव्हता तो त्या लाजेपायीच.

आता मी जाते. काकूंना हल्ली नावं आठवत नाहीत. मला कधी माझ्या आईच्या नावानं हाक मारतात, कधी सुनेच्या. आम्ही ओट्यावर बसून मेथी निवडतो, चहा होतो. निघताना मी चपला घालते आणि जरा मोठ्यानं म्हणते, "येते हं, काकू."

त्या लगेच विचारतात, "कधी?"

मला वार सांगावा लागतो. या खेपेला मंगळवार सांगितला आहे.