पेल्यातला हिरवा खडा

खडे टाकून ठेवलेलं पाणी प्यावं का, हा आजचा आपला प्रश्न. टेबलावर हे दोन पेले आहेत, पुढच्या रांगेतल्यांना दिसत असतील. काल रात्री मी एका पेल्यात साधं पाणी घेऊन त्यात बिनरंगी स्फटिक टाकला. दुसऱ्यात लिंबाचा रस घेऊन मॅलाकाइटचा खडा टाकला. हिरव्या पट्ट्यांचा, घासून गुळगुळीत केलेला. पहिला पेला होता तसाच आहे. दुसऱ्यातल्या खड्याची चकाकी गेलीय आणि रसाला निळसर हिरवी झाक आलीय. ती झाक तांब्याची.

आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की त्या म्हणायच्या, “कळकलं, टाकून दे.” मॅलाकाइट हे तांब्याचंच खनिज. आंबट लागलं की त्यातलं तांबं सुटतं आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेलं की मळमळ, उलट्या, पोटात कळा. भांडं कळकवतं तसा खडाही कळकवतो. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 1.5.

स्फटिकाचं तसं नाही. तो म्हणजे सिलिका, नदीच्या वाळूत असते तीच. पोलादी चाकूनंही त्यावर ओरखडा उठत नाही आणि साध्या पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. स्वच्छ धुतलेला, रंग न दिलेला स्फटिक पाण्यात पडला म्हणून कुणी आजारी पडत नाही. घोटाळा पुढे होतो. स्फटिक चालतो, मग हिरवाही चालेल, सोनेरीही चालेल, असं आपण धरून चालतो. खडा हा काही एकच पदार्थ नव्हे.

जुन्या पोथ्यांत चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासत. आपला वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. मनशीळही त्याच घरातली. हिंगुळात पारा असतो, तर चांदीसारख्या चकाकणाऱ्या गॅलेनात शिसं. ही सगळी जमिनीतून निघालेली अस्सल नैसर्गिक खनिजं आहेत. तेव्हा “नैसर्गिक आहे हो” एवढ्यावर कृपा करून पाणी पिऊ नका.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधली, म्हणजे काळ्या कातळातली, खनिजं तर जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेली आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट पाहिला की माझा ऊर आजही भरून येतो. पण त्यात व्हॅनेडियम नावाचा धातू आहे. अजिंठा-वेरूळला विकायला असतो त्या अपोफिलाइटमध्ये बहुधा फ्लोरिन असतं. यांची जागा कपाटात आहे, तांब्याभांड्यात नाही. सेलेनाइट नावानं विकतात ते जिप्सम नखानंही ओरखडतं आणि लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम विरघळतं. शिवाय बाजारातल्या कितीतरी खड्यांना रंग दिलेला असतो, भेगा राळेनं बुजवलेल्या असतात. नुसत्या डोळ्यांनी ते मलाही ओळखता येत नाही.

“आपण तुरटी फिरवतोच की पाण्यात!” असं मघाशी एका काकूंनी विचारलं. फार चांगला प्रश्न आहे. तुरटी विरघळते, म्हणून तर गाळ खाली बसतो. आपल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. खड्यातलं काही पाण्यात उतरत असेल, तर ते काय आहे हे आधी माहीत हवं. काहीच उतरत नसेल, तर पाणी होतं तसंच राहतं. श्रद्धेनं खडा जवळ ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, माठाच्या शेजारी ठेवा, नाहीतर खड्यांसाठी वेगळा बंद काचेचा कप्पा असलेली बाटली घ्या.

आणि उकळून हे धातू जात नाहीत. उलट पाणी आटतं, धातू तेवढाच राहतो. असं पाणी पिऊन कुणाला उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांकडे जाताना तो खडाही पुडीत बांधून न्या, म्हणजे पोटात काय गेलं असेल याचा अंदाज त्यांना लवकर येईल.