गुलाबाच्या पानाची जाळी करणारा भुंगेरा

हे पान बघा, शिरा तेवढ्या उरल्यात आणि मधला हिरवा भाग सगळा गायब, नुसती जाळी. हे काम जपानी भुंगेऱ्याचं आहे, जेमतेम एक सेंटीमीटरचा किडा, डोकं चमकदार हिरवं, पाठ तांब्याच्या रंगाची आणि पोटाच्या कडेने पांढऱ्या केसांचे ठिपके. दिसायला खरंच सुंदर आहे हो, पण गुलाब आणि जास्वंद म्हणजे त्याचा जीव की प्राण.

जपानमध्ये तो फार त्रास देत नाही, तिथे त्याला खाणारे शत्रू आहेत. 1916 मध्ये तो अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका नर्सरीत सापडला आणि तिथून पसरतच गेला.

आता महत्त्वाचं सांगते, कुरतडलेल्या पानातून एक वास सुटतो आणि त्या वासावर आणखी भुंगेरे येतात, म्हणजे आज चार दिसले आणि आपण म्हटलं जाऊदे, चारच आहेत, तर ते चार जण बाकीच्यांना आवतणच देत असतात. म्हणून पहिले चार सोडायचे नाहीत.

सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याचा डबा फांदीखाली धरायचा आणि फांदीला हलकी टिचकी मारायची, धक्का लागला की ते उडण्याऐवजी बऱ्याचदा खाली पडतात, थेट डब्यात. साध्या पाण्यात ते तरंगून निसटू शकतात, साबण असला की बुडतात. रोज पाच-दहा मिनिटं, बास.

गंधाचे सापळे मिळतात, पण ते फुलझाडांजवळ टांगू नका, त्यात अडकतात त्यापेक्षा जास्त भुंगेरे बागेत ओढले जातात. नीम तेल मारायचं तर संध्याकाळी, मधमाश्या परत गेल्यावर, आणि उघड्या फुलांवर नाहीच. जहाल कीटकनाशकाने भुंगेरे मरतील पण त्यांच्यावर जगणारे मित्रकीटकही मरतील, त्यामुळे मी तरी त्याच्या वाटेला जात नाही.

आणि हो, लॉनखालीही बघा. मादी तिथेच मातीत अंडी घालते, एकेक मादी 40 ते 60, त्यातून पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या निघतात आणि गवताची मुळं खातात. अंड्यांना ओल लागते, म्हणून भुंगेरे उडत असतात त्या आठवड्यांत लॉनला पाणी जरा कमीच द्यायचं. अळ्या लहान असताना ओल्या मातीत उपयोगी सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखे अगदी बारीक जंत, सोडले तर ते अळीच्या शरीरात शिरून तिला तिथेच संपवतात.

आणि हा बघा, आजचा पहिला, वरच्या कळीवर बसलाय. डबा आणा.