गांधाराविना

या चित्रफितीत पडद्यावर दिसणाऱ्या सीडीवर मार्करने लिहिलेले ‘इंग्लिश रॉक, भाग २’ एवढेच शब्द आता वाचता येतात. सोलापुरात, अशोक चौकाजवळच्या एका घरात, ती जुन्या चादरींच्या गठ्ठ्यामागे सापडली. २००५ साली तिचा मालक आठवीत होता. सातशे एमबीच्या सीडीवर दीडशेच्या आसपास एमपी-थ्री गाणी मावत. ती सायबर कॅफेतून उतरवून घेतली, की ‘ग्रीन डे’, ‘ब्लिंक-१८२’, ‘सिंपल प्लॅन’ आणि ‘सम ४१’ हे रॉक बँड एकाच फोल्डरमध्ये दाटीवाटीने येत. ‘ग्रीन डे’चा ‘अमेरिकन इडियट’ हा अल्बम आदल्याच वर्षी निघाला होता. त्यातला राग अमेरिकेतल्या युद्धज्वरावर आणि टीव्हीवर होता, हे आमच्या मित्राच्या गावीही नव्हते. त्याचा स्वतःचा राग गणिताच्या शिकवणीवर होता आणि गाण्यांची त्याला काहीच हरकत नव्हती.

ही दृश्ये शेजारच्या कारखान्यातली आहेत. असेच यंत्रमाग तेव्हा त्याच्या घराखाली चालत, त्यामुळे आवाज कितीही वाढवला तरी कोणी हटकत नसे. मागांना सुट्टी असली, की मात्र हेडफोन लावावा लागे. भारनियमनात माग आणि गाणे एकदमच थांबत.

कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले स्वर. ‘तीन कॉर्डचा गोंगाट’ म्हणून या संगीताला नाक मुरडणाऱ्यांनी आता गिटारवरचा त्याचा डावा हात पाहावा. पहिले बोट षड्जावर (सा) आहे आणि तिसरे, शेजारच्या तारेवर गिटारचे दोन पडदे (फ्रेट) पुढे, पंचमावर (प). मधला गांधार (ग) वाजवलाच जात नाही. शुद्ध गांधाराने कॉर्ड ‘मेजर’ होते, कोमल गांधाराने ‘मायनर’. तो वगळला, की ती दोन्हींपैकी काहीच राहत नाही. शिवाय डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत केला असताना, गांधार असलेली कॉर्ड गढूळ ऐकू येते, षड्ज-पंचमाची जोडी मात्र ठणठणीत राहते. उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून कडव्यात आवाज कोंडायचा आणि ध्रुवपदाला हात उचलायचा, एवढ्यावर अख्खे गाणे उभे राहते. हे कौशल्य आहे, आणि तेराव्या वर्षी कोणीही न शिकवता ते कानाला कळले होते.

पुढे माग विकले गेले, गिटार माळ्यावर गेली आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला.

यंदा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी तो घरी आला, तेव्हा त्याने जुना डीव्हीडी प्लेअर पुसून जोडला. सीडीवरची पहिली सहा गाणी ओरखड्यांमुळे चालत नाहीत. सातवे चालते.