संसदेतला गणवेश

नमस्कार श्रोतेहो.

२ फेब्रुवारी २०२१ ची रात्र. आठ वाजले आणि म्यानमारमधल्या यांगून शहरात घराघरांतून भांडी वाजू लागली. खिडक्यांत, गॅलऱ्यांत उभी राहून माणसं पातेल्यांवर, ताटांवर हाताला येईल ते बडवत होती. घरातली इडापिडा हाकलायची ही तिथली जुनी रीत. त्या रात्री हाकलायची होती ती लष्करी राजवट. आदल्या पहाटेच लष्करानं लोकांनी निवडून दिलेल्या नेत्या आँग सान सू ची यांना अटक करून सत्ता हाती घेतली होती. निवडणुकीत ४७६ पैकी ३९६ जागा त्यांच्या पक्षानं जिंकल्या होत्या आणि नवी संसद नेमकी त्याच दिवशी भरायची होती.

सैनिकाला सरकार चालवावंसं का वाटतं? ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, त्याचं उत्तर जुनं आहे. तिथं देशाआधी फौज जन्मली. १९४१ मध्ये सू ची यांचे वडील आँग सान आणि त्यांच्या साथीदारांनी जपानच्या मदतीनं ब्रिटिशांविरुद्ध ती उभी केली. स्वातंत्र्य आलं ४ जानेवारी १९४८ ला, पण ते पाहायला आँग सान उरले नव्हते. आदल्या जुलैत त्यांची हत्या झाली होती. पाठोपाठ कम्युनिस्टांचं बंड, कारेन या अल्पसंख्य समाजाचं बंड. त्या धुमश्चक्रीत ‘देश आम्ही मिळवला, आम्हीच राखला’ ही समजूत लष्कराच्या हाडीमाशी खिळली. आँग सान यांच्याच साथीदारांपैकी एक, जनरल ने विन, यांनी मार्च १९६२ मध्ये सत्ता घेतली.

पुढं काय झालं, ते एका नोटेवरून कळतं. १९८७ मध्ये सरकारनं २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. बदलून काही मिळणार नव्हतं. डब्यात, उशीखाली जपलेले पैसे रातोरात रद्दी झाले. बाजारात नव्या आल्या त्या ४५ आणि ९० क्यातच्या, नऊनं भाग जाणाऱ्या, कारण नऊ हा ने विन यांचा शुभ आकडा. ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या हाती देश गेला की सामान्य घराचं असं होतं. पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले आणि लष्करानं त्यांच्यावर गोळ्या चालवल्या.

माझ्या मते मात्र रणगाड्याहूनही घातक ठरली ती २००८ ची राज्यघटना. संसदेच्या एक चतुर्थांश जागा लष्कराच्या. त्यांवर सरसेनापती नेमेल ते अधिकारी गणवेशातच येऊन बसत. ६६४ पैकी असे १६६. घटनेतली महत्त्वाची कलमं बदलायची तर ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. म्हणजे बाकीचे सगळे खासदार एक झाले तरी निदान एक गणवेशधारी मत लागणारच. संरक्षण, गृह आणि सीमा व्यवहार ही खातीही सरसेनापतीच्याच माणसांकडे. २०१५ मध्ये ही ७५ टक्क्यांची अट सैल करायचा प्रयत्न झाला, २०२० मध्येही झाला. दोन्ही वेळा तो लष्करी मतांवरच अडला.

शेजारच्या थायलंडमध्ये १९३२ पासून बंडांवर बंडं झाली, शेवटचं २०१४ मध्ये. मला आशा वाटली ती इंडोनेशियाकडे पाहून. तिथं लष्करशहा सुहार्तोंच्या काळात ‘द्विफुंगसी’ नावाचा सिद्धांतच होता. फुंगसी म्हणजे काम. सैन्याला कामं दोन, एक देश राखण्याचं आणि दुसरं तो चालवण्याचं. खासदारापासून राज्यपालापर्यंत सगळीकडे लष्करी माणसं. १९९८ मध्ये लोकांनी सुहार्तोंना पायउतार व्हायला लावलं आणि २००४ मध्ये संसदेतल्या सैनिकांच्या राखीव जागा संपल्या. म्हणजे हे होऊ शकतं.

पण मार्च २०२५ मध्ये त्याच संसदेनं लष्कराचा कायदा बदलला. आता सेवेतले अधिकारी आधीपेक्षा जास्त सरकारी खात्यांत नेमता येतात. त्याविरुद्ध जकार्तात विद्यार्थी संसदेच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. सुहार्तो गेले तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता.